आप्तवाक्य आणि ख्याती : एका आरोपाच्या विश्वसनीयतेची चिकित्सा

१

सांगणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा की नाही, आणि ठेवावयाचा तर कोणत्या मर्यादेपर्यंत, हा प्रश्न जितका न्यायालयाचा तितकाच वाङ्मयाच्या अभ्यासकाचाही आहे. पोथीतील पाठ, बखरीतील वृत्तांत, पोवाड्यातील प्रसंग आणि आत्मचरित्रातील कबुली या सर्वांपुढे उभे राहून अभ्यासकाला हाच प्रश्न विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर शोधण्याची एक शिस्त मराठीच्या अभ्यासात गेल्या शतकभरात रुजली आहे. लेखनिक मोठा भक्त होता म्हणून त्याचा पाठ शुद्ध ठरत नाही. बखरकार धन्याच्या पदरी होता म्हणून त्याचे प्रत्येक वाक्य असत्य ठरत नाही. प्रत्येक विधान त्याच्या आधारासह स्वतंत्रपणे पारखावयाचे, ही ती शिस्त होय.

तथापि ही शिस्त ग्रंथालयाच्या उंबरठ्याबाहेर पडताच बहुधा गळून पडते. एखाद्या लोकप्रिय कलावंतावर कोणा स्त्रीने गैरवर्तनाचा आरोप केला की सुशिक्षित वर्गही प्रथम पक्ष निवडतो आणि नंतर त्या पक्षाला अनुकूल असा पुरावा वेचू लागतो. अशा वेळी प्रमाणविचाराची जागा प्रीती आणि अप्रीती घेतात. अभिनेत्री श्रीमती तनुश्री दत्ता यांनी श्री. नाना पाटेकर यांच्यावर केलेल्या आरोपाची महाराष्ट्रात जी चर्चा झाली, ती या दृष्टीने अभ्यसनीय आहे. प्रस्तुत निबंधात त्या आरोपाचा निर्णय करण्याचा हेतू नाही. तो अधिकार निबंधलेखनाचा नव्हे. विचार करावयाचा आहे तो एवढाच, की अशा आरोपाची विश्वसनीयता कोणत्या कसोट्यांनी पारखली गेली, त्यांतील कोणत्या कसोट्या ग्राह्य आहेत आणि कोणत्या केवळ कसोटीचे रूप घेऊन आलेल्या आहेत.

२

हा प्रश्न मुंबईचा आहे, चित्रसृष्टीचा आहे. त्याचा भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याशी काय संबंध, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर दोन प्रकारे देता येईल.

पहिली गोष्ट अशी, की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा झाडीपट्टीचा प्रदेश नटांचा आणि प्रेक्षकांचा प्रदेश आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार आणि खडी गंमत होते आणि रात्रभर चालणारी नाटके लागतात. देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे या नाट्यव्यवसायाचे प्रमुख ठाणे असून तेथील मंडळ्यांची नाटके हंगामात भंडारा जिल्ह्याच्या खेड्यांतूनही होतात. येथील प्रेक्षकाला नट आणि भूमिका यांतील भेद चांगला ठाऊक असतो. रात्री खलनायकाला शिव्या देणारा माणूस सकाळी त्याच नटाला चहा पाजतो. मात्र हा भेद एकाच दिशेने पाळला जातो. खलनायक रंगविणारा नट दुष्ट नसतो हे प्रेक्षक जाणतो. परंतु न्यायासाठी पेटून उठणारा नायक रंगविणारा नट न्यायीच असेल असे नाही, ही त्याच तत्त्वाची दुसरी बाजू त्याच्या ध्यानात क्वचितच येते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. स्त्रीच्या साक्षीचे मूल्य ठरविणारा भारतीय कायदा ज्या खटल्यामुळे बदलला, तो याच प्रदेशातला. भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यापासून जवळच असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मार्च १९७२ मध्ये मथुरा नावाच्या एका आदिवासी, मजूर मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना निर्दोष ठरविले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निर्णय फिरवून त्यांना दोषी धरले. आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये त्यांना पुन्हा सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणून संमती असली पाहिजे, असा त्या शेवटच्या निर्णयातील तर्काचा रोख होता. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या तर्काचा प्रतिवाद केला. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीची परिणती १९८३ च्या कायदेदुरुस्तीत झाली. कोठडीतील बलात्कारासारख्या प्रकरणांत संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नसल्याचे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असे गृहीत धरावे, हे तत्त्व त्या वेळी पुराव्याच्या कायद्यात आले. पुढे २००२ च्या दुरुस्तीने तक्रारदार स्त्रीचे चारित्र्य काढून तिची साक्ष दुबळी करण्याची कायद्यातील वाटही बंद झाली.

मथुरा खटला आणि प्रस्तुत प्रकरण यांत साम्य फारसे नाही. एकात सत्ताधारी पोलीस आणि निरक्षर मुलगी. दुसऱ्यात दोन्ही बाजूंना प्रसिद्ध कलावंत. आरोपाचे स्वरूप आणि गांभीर्यही भिन्न. तरी देसाईगंजच्या खटल्याने एक धडा कायमचा शिकविला. साक्षीची पारख करताना जी गृहीतके नकळत वापरली जातात, ती पुराव्याहूनही अधिक परिणामकारक ठरतात. जखमा नाहीत हा पुरावा होता. जखमा नाहीत म्हणजे संमती होती हे गृहीतक होते. या दोहोंची फारकत करणे हेच चिकित्सेचे पहिले काम होय.

३

आता प्रस्तुत प्रकरणाचा घटनाक्रम. मार्च २००८ मध्ये ‘हॉर्न ओके प्लीज’ या हिंदी चित्रपटातील एका नृत्यगीताचे चित्रीकरण मुंबईत चालू होते. त्या प्रसंगी श्री. पाटेकर यांनी आपल्याशी गैरवर्तन केले आणि ठरलेले नसताना जवळिकीचा भाग नृत्यात घालण्याचा आग्रह धरला, असे श्रीमती दत्ता यांचे म्हणणे. त्या चित्रीकरण सोडून गेल्या. त्या वेळी त्यांच्या मोटारीवर जमावाने हल्ला केला आणि त्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे. गाण्यासाठी पुढे दुसऱ्या अभिनेत्रीची योजना झाली. त्याच वर्षी श्रीमती दत्ता यांनी ‘सिन्टा’ या चित्रपट व दूरचित्रवाणी कलावंतांच्या संघटनेकडे तक्रार केली. श्री. पाटेकर यांनी आरोप तेव्हाही नाकारला आणि दहा वर्षांनंतरही नाकारला.

सप्टेंबर २०१८ मध्ये, अमेरिकेतून परतल्यानंतर, श्रीमती दत्ता यांनी एका मुलाखतीत हा आरोप पुन्हा मांडला. भारतात ‘मी टू’ या नावाने जी लाट उसळली तिचा आरंभ बहुधा या मुलाखतीपासून धरला जातो. २००८ च्या चित्रीकरणस्थळी उपस्थित असलेल्या एका महिला पत्रकाराने त्या दिवशी आपण काय पाहिले हे प्रसिद्ध केले. ‘सिन्टा’ने ऑक्टोबरमध्ये खेद व्यक्त करून मान्य केले की, २००८ मध्ये तक्रारीची हाताळणी योग्य झाली नाही आणि लैंगिक छळाच्या मुख्य गाऱ्हाण्याची दखलच घेतली गेली नाही; मात्र मुदतीच्या नियमामुळे ते प्रकरण पुन्हा उघडता येत नाही. त्याच महिन्यात ओशिवरा पोलीस ठाण्यात भारतीय दंडसंहितेच्या कलम ३५४ आणि ५०९ खाली गुन्हा नोंदविला गेला.

जून २०१९ मध्ये पोलिसांनी ‘बी समरी’ अहवाल दाखल केला. आरोपींविरुद्ध तपासात काही निष्पन्न झाले नाही, असा त्याचा आशय. तक्रारदाराने त्यास हरकत घेतली. मार्च २०२५ मध्ये अंधेरीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी दखल घेण्यास नकार दिला. कारण मुदतीचे होते : घटना २००८ ची, गुन्हा २०१८ चा, या कलमांसाठी दखलीची मुदत तीन वर्षांची आणि विलंबमाफीचा अर्ज नाही. गुणदोषांचा विचार झालेला नसल्यामुळे कथित घटना खरी म्हणता येत नाही आणि खोटीही म्हणता येत नाही, असेही त्या आदेशात नमूद झाले.

या शेवटच्या वाक्याचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. एका पक्षाने आदेशाचा अर्थ ‘निर्दोष सुटका’ असा केला; दुसऱ्याने ‘तांत्रिक सुटका, म्हणजेच दोषी’ असा केला. न्यायालयाने जे म्हटले नव्हते तेच दोघांनी वाचले. वाचनाच्या या दोषाचा विचार पुढे येईल.

४

आरोपाच्या चर्चेत ज्या कसोट्या लावल्या गेल्या, त्यांचा आता क्रमाने परामर्श घ्यावयाचा.

पहिली कसोटी विलंबाची. ‘दहा वर्षे गप्प का राहिली?’ हा प्रश्न सर्वाधिक विचारला गेला. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलावयाचे तर हा प्रश्न उत्तरकालीन पोथीलाच मूळ पोथी समजण्याचा प्रमाद होय. २०१८ ची मुलाखत हे या साक्षीचे पहिले रूप नाही. २००८ मधील तक्रार आणि त्या वेळची वृत्ते हे तिचे जुने रूप होय. म्हणजे विलंबाचा आक्षेप वस्तुस्थितीलाच धरून नाही. योग्य प्रश्न निराळा होता : २००८ च्या साक्षीत काय होते, २०१८ च्या साक्षीत काय आहे, आणि या दोहोंत काही भर पडली काय? दोन रूपे शेजारी ठेवून केलेली तुलना श्री. पाटेकर यांच्या बाजूने गेली असती किंवा श्रीमती दत्ता यांच्या; पण ती मोलाची ठरली असती. वृत्तपत्रांच्या स्तंभांत ती क्वचितच झाली.

विलंब हा विश्वसनीयतेचा प्रश्न आणि मुदत हा कायद्याचा प्रश्न, हा भेदही पाळला गेला नाही. २००८ मध्ये कलम ३५४ खाली कमाल शिक्षा दोन वर्षांची होती, म्हणून मुदत तीन वर्षांची आणि ती २०११ मध्ये संपली. २०१३ च्या दुरुस्तीनंतर याच कलमाची कमाल शिक्षा पाच वर्षे झाली आणि अशा गुन्ह्यास ही मुदतच उरली नाही. म्हणजे असेच कृत्य पाच वर्षांनी उशिरा घडल्याचा आरोप असता तर मुदतीचा अडसर आला नसता. जी गोष्ट कायद्याच्या तारखेवर अवलंबून आहे, ती सांगणारीच्या सत्यनिष्ठेचे माप होऊ शकत नाही.

दुसरी कसोटी दुजोऱ्याची. येथे दोन्ही पक्षांनी अतिरेक केला. मोटारीवरील हल्ल्याचे चित्रीकरण हा आरोपाचा पुरावा म्हणून पुढे केला गेला. वस्तुतः ते चित्रीकरण हल्ला सिद्ध करते; त्या दिवशी काहीतरी गंभीर तंटा झाला हे सूचित करते; परंतु नृत्याच्या वेळी झालेल्या म्हटल्या जाणाऱ्या वर्तनाविषयी ते मूक आहे. पत्रकाराचे निवेदन काम थांबले आणि वातावरण बिघडले याला बळ देते, त्यापलीकडे नेता येत नाही. उलट, चित्रीकरणस्थळी एवढी माणसे असता कोणी काही पाहिले नाही, म्हणून काही घडलेच नाही, हाही तर्क सदोष आहे. गर्दीत झालेला क्षणिक स्पर्श, ज्याला तो झाला त्यालाच कळतो. गावच्या यात्रेत गेलेल्या प्रत्येक स्त्रीला हे ठाऊक असते. तथापि पाहणाऱ्यांचे न पाहणे अगदीच शून्य मोलाचे म्हणून झटकूनही टाकता येणार नाही. ते तराजूच्या एका पारड्यात पडतेच. मात्र त्याने पारडे भुईला टेकत नाही.

या बाबतीत न्यायालयांनी आखलेली वाट ध्यानात घ्यावी. नागपूरच्या एका पोलीस उपनिरीक्षकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितले की, लैंगिक गुन्ह्यातील पीडित स्त्री ही गुन्ह्याची साथीदार नव्हे. तिच्या साक्षीला जखमी साक्षीदाराच्या साक्षीइतके मोल द्यावे, आणि ती विश्वासार्ह वाटल्यास दुजोऱ्याची अट घालू नये. त्याच न्यायालयाने २०१२ मध्ये दिल्लीतील एका खटल्यात असेही स्पष्ट केले की, केवळ एका साक्षीवर शिक्षा द्यावयाची तर ती साक्ष आरंभापासून अखेरपर्यंत सुसंगत आणि उलटतपासणीत टिकणारी असावी. ही दोन वचने परस्परविरोधी नाहीत. पहिले वचन साक्षीला दार उघडते. दुसरे, आत आल्यावर तिची परीक्षा घेते. प्रस्तुत प्रकरणात ही परीक्षाच झाली नाही. उलटतपासणीची वेळ ना तक्रारदारावर आली, ना आरोपीच्या साक्षीदारांवर.

तिसरी कसोटी हेतूची. चित्रसृष्टीतून दूर गेलेल्या अभिनेत्रीला प्रसिद्धी हवी होती, असे म्हटले गेले. हेतू ही खरी कसोटी आहे. परंतु ती दोन्ही बाजूंना सारखीच लावावी लागते. आरोप करणारीला प्रसिद्धीचा लोभ असू शकेल, तर नाकारणाऱ्याला कीर्तिरक्षणाचा लोभ निश्चितच असतो. शिवाय आरोपामुळे श्रीमती दत्ता यांना जी प्रसिद्धी मिळाली तिच्याबरोबर निंदाही तितकीच पदरी आली. स्वतंत्र पुरावा नसेल तेथे दोन्हीकडील हेतू परस्परांना छेद देतात आणि बाकी शून्य उरते.

५

चौथी कसोटी चारित्र्याची, अथवा अधिक नेमकेपणाने बोलावयाचे तर ख्यातीची. आणि सर्वांत प्रभावी हीच ठरली. श्री. पाटेकर हे केवळ नट नाहीत. ‘प्रहार’ (१९९१) आणि ‘क्रांतिवीर’ (१९९४) यांसारख्या चित्रपटांनी त्यांची प्रतिमा अन्यायाविरुद्ध चिडून उठणाऱ्या सच्च्या माणसाची केली. २०१५ मध्ये श्री. मकरंद अनासपुरे यांच्यासह त्यांनी ‘नाम’ ही संस्था स्थापिली आणि मराठवाडा व विदर्भातील शेतकरी कुटुंबांना साह्य केले. विदर्भात या कार्याविषयी जी कृतज्ञता आहे ती यथार्थ आहे. ती कमी लेखण्याचे काही कारण नाही. परंतु ‘जो माणूस विधवांचे अश्रू पुसतो तो असे करणारच नाही’ हे विधान जेव्हा केले जाते, तेव्हा कृतज्ञता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन उभी राहते, आणि तिची उलटतपासणी कोणी करीत नाही.

दानधर्म हा दात्याच्या इतर वर्तनाचा पुरावा नव्हे, याचे सर्वांत कठोर उदाहरण इंग्लंडमध्ये सापडते. जिमी सॅव्हिल हा दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय सूत्रधार रुग्णालयांसाठी प्रचंड निधी गोळा करी. २०११ मध्ये तो सन्मानाने निवर्तला आणि पुढील वर्षी त्याच्याविरुद्ध शेकडो तक्रारी पुढे आल्या. त्यांतील कित्येक अत्याचार त्याच्या दानाने उपकृत झालेल्या रुग्णालयांतच घडल्याचे चौकश्यांतून दिसून आले. हे उदाहरण प्रस्तुत प्रकरणाशी तुलना म्हणून दिलेले नाही. या दोहोंत काडीचेही साम्य गृहीत धरणे अन्यायाचे होईल. ‘दाता म्हणून निर्दोष’ हा तर्कप्रकार टिकत नाही, एवढेच त्यातून दाखवावयाचे आहे.

त्याच न्यायाने उलट तर्कप्रकारही टिकत नाही. अमेरिकेतील मूकपटांचा लोकप्रिय विनोदी नट रॉस्को आर्बकल याच्यावर १९२१ मध्ये एका तरुण अभिनेत्रीच्या मृत्यूस कारण झाल्याचा आरोप आला. वृत्तपत्रांनी तो दोषी असल्याचे खटल्यापूर्वीच ठरविले. त्याचा स्थूल देह हाच जणू पुरावा झाला. तीन वेळा खटला चालून एप्रिल १९२२ मध्ये पंचांनी त्याला निर्दोष ठरविले आणि त्याच्यावर अन्याय झाल्याचे लेखी नमूद केले. त्यानंतर आठवडाही लोटला नाही तोच चित्रव्यवसायाने त्याच्यावर बंदी घातली. ती लवकरच उठली, पण पडद्यावरचे त्याचे पूर्वीचे स्थान गेले ते गेलेच. सॅव्हिलला ख्यातीने वाचविले, आर्बकलला ख्यातीनेच बुडविले. दोन्हीकडे पुराव्याचे काम दुसऱ्याच वस्तूने केले.

भारतीय न्यायालयाने हा भेद अलीकडे स्पष्ट शब्दांत मांडला. माजी केंद्रीय राज्यमंत्री श्री. एम. जे. अकबर यांनी पत्रकार श्रीमती प्रिया रमाणी यांच्यावर अब्रुनुकसानीचा फौजदारी दावा लावला. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने श्रीमती रमाणी यांना निर्दोष ठरविले. समाजात मान असलेली व्यक्तीही छळ करणारी असू शकते. आपले गाऱ्हाणे कोणत्याही व्यासपीठावर आणि अनेक वर्षांनंतरही मांडण्याचा स्त्रीला अधिकार आहे, असे त्या निकालाचे सार आहे. या निकालाविरुद्ध अपील झाले. हा निकाल बोलण्याच्या अधिकाराविषयी आहे. बोललेले प्रत्येक वाक्य त्यामुळे आपोआप सिद्ध होते, असा त्याचा अर्थ नव्हे. बोलण्याचा अधिकार आणि बोललेल्याचे प्रामाण्य हे दोन स्वतंत्र विषय आहेत.

६

येथे जुन्या न्यायशास्त्राकडे वळणे उपकारक होईल. नैयायिकांनी शब्द हे प्रमाण मानले ते आप्ताच्या शब्दापुरते. परंतु आप्त म्हणजे थोर माणूस नव्हे. वस्तूचे ज्याला साक्षात् ज्ञान आहे आणि जसे पाहिले तसे सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त, असे वात्स्यायनाने भाष्यात स्पष्ट केले आहे, आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते असेही तो आवर्जून सांगतो. म्हणजे सुमारे दीड सहस्र वर्षांपूर्वीच या परंपरेने कुल, पद आणि कीर्ती यांना प्रामाण्याच्या लक्षणातून वगळले होते. या दृष्टीने पाहता प्रस्तुत प्रकरणात साक्षात् ज्ञान असू शकणाऱ्या व्यक्ती दोनच : आरोप करणारी आणि ज्याच्यावर आरोप झाला तो. चाहते, सहकलाकार, राजकीय कार्यकर्ते आणि स्तंभलेखक यांच्यापैकी कोणालाही त्या क्षणाविषयी आप्तत्व नाही.

न्यायशास्त्राची दुसरी देणगी ‘संशय’ ही आहे. सोळा पदार्थांत संशयाला स्वतंत्र स्थान आहे. तो अज्ञान नव्हे, भ्रमही नव्हे. निर्णयाकडे नेणाऱ्या विचाराची ती आवश्यक पायरी होय. मराठी सार्वजनिक भाषेत ही पायरी जवळजवळ नाहीशी झाली आहे. ‘खरे’ आणि ‘खोटे’ या दोनच शब्दांवर ती चालते. त्यामुळे ‘सिद्ध झाले नाही’ याचे भाषांतर ‘खोटे ठरले’ असे होते आणि ‘विश्वसनीय वाटते’ याचे भाषांतर ‘सिद्ध झाले’ असे होते. वस्तुतः निष्कर्ष किमान चार प्रकारचे संभवतात : सिद्ध, असिद्ध, असत्य आणि अपरीक्षित. पुराव्याची परीक्षा होऊन तो अपुरा ठरला तर आरोप असिद्ध. तो रचलेला आहे असे दाखविले गेले तर असत्य. परीक्षाच झाली नाही तर अपरीक्षित. पोलिसांच्या अहवालाने प्रस्तुत आरोपाला तपासाच्या पातळीवर नाकारले. न्यायालयाने तो गुणदोषांवर तपासलाच नाही. म्हणून न्यायाच्या दृष्टीने या आरोपाची अवस्था ‘अपरीक्षित’ ही आहे, आणि २०२५ च्या आदेशातील ते दुर्लक्षित वाक्य हेच सांगते.

या अवस्थेचे परिणाम दोन्ही बाजूंना भोगावे लागतात हे विसरता येणार नाही. श्री. पाटेकर हे कायद्याने निरपराध आहेत, आणि तसेच मानले जाण्याचा त्यांचा हक्क पूर्ण आहे; परंतु परीक्षेतून जाऊन मिळणारी निःशंकता त्यांना लाभली नाही. श्रीमती दत्ता यांची साक्ष खोटी असल्याचे कोणत्याही न्यायालयाने म्हटलेले नाही. परंतु ती ऐकून तोलली जावी ही संधीही त्यांना मिळाली नाही. हे घडले त्याचे मूळ २०१८ मध्ये नसून २००८ मध्ये आहे. ज्या संघटनेने तक्रार वेळीच तपासावयाची तिनेच ती बाजूस ठेवली. १९९७ च्या विशाखा निर्णयानंतर कामाच्या जागी तक्रार समिती असणे बंधनकारक होते. चित्रव्यवसायाने ते मनावर घेतले नाही. साक्षी ताज्या असता ज्या चौकशीला काही दिवस पुरले असते, ती दहा वर्षांनी अशक्यप्राय झाली.

मराठी वाङ्मयात याच्या जवळचे एक उदाहरण आहे. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) हे आत्मकथन. अरुण साधू यांनी शब्दबद्ध केलेल्या या कथनातील घरातील छळाचे आणि व्यवसायातील शोषणाचे वृत्तांत मराठी वाचकाने सहज सत्य मानले. कारण बहुधा असे, की निवेदिकेने स्वतःचे दोष झाकले नाहीत. स्वतःविरुद्ध जाणारे विधान विश्वास वाढविते. परंतु यात एक धोका दडलेला आहे. जी स्त्री प्रथम स्वतःला दोष देते तिच्यावरच विश्वास ठेवावयाचा, अशी अट नकळत तयार होते. जी स्वतःला दोष न देता केवळ तक्रार करते ती उद्धट ठरते. आत्मकथनाच्या आस्वादाची कसोटी तक्रारीच्या परीक्षेला लावणे हा समीक्षेचा विपर्यास होय.

७

हा विचार पुन्हा झाडीपट्टीत आणून थांबविणे योग्य होईल, कारण त्याची खरी कसोटी तेथेच आहे. हंगामात रात्रीमागून रात्र प्रवास करणाऱ्या नाटकमंडळ्यांत अभिनेत्री आणि नर्तकी काम करतात. उद्या त्यांच्यापैकी एखादीने मंडळीच्या लोकप्रिय नटाविरुद्ध तक्रार केली, तर ती मुंबईच्या न्यायालयात जाणार नाही. २०१३ च्या कायद्यानुसार दहाहून कमी कामगार असलेल्या आस्थापनांसाठी, तसेच खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारींसाठी, जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत करावयाची असते. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. अशा समितीवर बसणारी माणसे याच जिल्ह्यातील असतील, प्राध्यापक आणि पदवीधर असतील, त्या नटाचे चाहतेही असतील. त्यांच्या हाती कोणती मापे असतील, हा खरा प्रश्न आहे.

प्रसिद्ध प्रकरणांतून समाज मापे उचलतो. ‘इतके दिवस गप्प का?’, ‘कोणी पाहिले?’, ‘तो तर किती भला माणूस!’ ही मापे २०१८ मध्ये महाराष्ट्रभर वाटली गेली. त्यांच्या जोडीला ‘ती सांगते म्हणजे झालेच’ हेही. यांपैकी एकही माप वजन करीत नाही. वजन करावयाचे तर पाहावे लागते ते असे : साक्षीचे सर्वांत जुने रूप कोणते, त्यात पुढे काय बदलले, प्रत्येक दुजोरा नेमका कशाला दुजोरा देतो, हेतूची कसोटी दोहोंना सारखी लावली की नाही, आणि ख्यातीला पुराव्याच्या यादीतून वगळले की नाही. एवढे करूनही निर्णय होत नसेल तर संशय हा शब्द निःसंकोचपणे लिहावा, आणि परीक्षा कोणाच्या हयगयीने झाली नाही हे त्याखाली नोंदवावे.

देसाईगंजच्या मुलीच्या साक्षीला तोलण्याची मापे १९७८ मध्ये चुकीची होती. ती चुकीची असल्याचे सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून सांगणारे चौघे अध्यापनक्षेत्रातले होते. विद्यापीठीय चिकित्सेचे प्रयोजन काय, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्या पत्राने त्याचे एक उत्तर देऊन ठेवले आहे.